साडेपाच किलोंचे किती लिटर

चारकोप गाव, ३ जुलै

चंदूदादा,

फोन तू उचलत नाहीस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या मेसेजला गेले सतरा महिने एकच टिक आहे, म्हणून हे पोस्टाने. अक्षतावहिनीच्या वडिलांच्या पत्त्यावर टाकतोय. करंजात बर्फाच्या कारखान्यातला चारकोपचा जावई म्हटलं की पोस्टमन आणून देईल असं धरून चाललोय.

एक छोटीशी शंका आहे, तेवढ्यासाठीच लिहितोय. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, त्या दिवशी, तू होडीत एकूण किती लिटर पेट्रोल घेतलं होतंस? मला चोवीस आठवतंय. वीसचा डबा आणि वर चार. पण तू आणि बा निघालात तेव्हा मी कामावर होतो, त्यामुळे छातीठोक सांगता येत नाही.

विचारायचं कारण असं. आमच्या इंजिन तपासणीच्या गाळ्यात नवीन मीटर आलंय. आजवर आम्ही पेट्रोलचा डबा वजनकाट्यावर ठेवायचो, इंजिन टाकीत उतरवून चालवायचो, आणि तासात डब्याचं वजन किती उतरलं ते लिहायचो. म्हणजे ताशी इतके किलो. रिपोर्टही किलोतच जातो. चौदा वर्षांत लिटर मला एकाच माणसाने विचारले, ते तू. कारण पंपावर पेट्रोल किलोने मिळत नाही. हे नवीन मीटर नळीतच बसतं आणि ताशी किती लिटर गेले ते सरळ दाखवतं.

तर परवा मढच्या एका नाखव्याचं इंजिन आलं. आपल्याच मॉडेलचं, पंधरा हॉर्सपॉवरचं. मीटरने साडेसात लिटर दाखवले. आपल्या इंजिनाला मी चार सांगितले होते. तेव्हा मीटर बिघडलंय हे उघडच आहे. मालक निमेशभाईंना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, ‘अरे, कालच तर खोक्यातून काढलं यार.’ म्हणून म्हटलं आपल्याकडे एकदा खात्री करून घ्यावी. तू फक्त आकडा कळव. बाकी काही लिहायला नको असेल तर नको लिहूस.

घरी सगळं ठीक. बा आता डाव्या हाताने जाळ्याची सुई धरायला शिकलाय. उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत दोरा धरतो आणि गाठ दाताने ओढतो. आये सुकी मासळी घेऊन सेक्टरच्या बाजारात बसते. आपली होडी ‘मालन’ पावसासाठी शाकारून ठेवली आहे. फळ्या नवीन बसवल्या, रंग अजून बाकी आहे.

तुझा
हर्षद


चारकोप गाव, ९ जुलै

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टाला वेळ लागतो हे मला कळतं, पण मला धीर नाही, म्हणून दुसरं.

मला वाटतं मी कोडं सोडवलंय. उष्णता! पेट्रोल उन्हाने फुगतं. म्हणजे सकाळी भरलेला लिटर आणि दुपारचा लिटर एक नसतो. काल मी सुट्टी टाकून कांदिवलीच्या एका पंपावर गेलो. तिथे केतन म्हणून मुलगा आहे, माझ्या वर्गातल्या श्वेताचा भाऊ. ते लोक रोज सकाळी काचेच्या उभ्या भांड्यात पेट्रोल घेतात, त्यात एक तरंगणारी काचेची कांडी आणि थर्मामीटर सोडतात. कांडी किती बुडाली यावरून कळतं की एका लिटरचं वजन किती. मग तक्ता बघून ते पंधरा डिग्रीला किती झालं असतं तेही काढतात. काल एकतीस डिग्रीला लिटरचं वजन होतं सातशे तीस ग्रॅम. पंधरा डिग्रीला तेच सातशे पंचेचाळीस.

मी इतका खूश झालो की केतनला वडापाव खाऊ घातला. मग तिथेच हवेच्या मशीनजवळ उभं राहून हिशेब केला. फरक शंभरात दोनाचा. चोवीस लिटरमागे अर्धा लिटर. ताशी चार धरले तर सात मिनिटं. दादा, सात मिनिटांत तू मनोरीच्या खडकांपासून घरी पोचला नसतास.

मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. मढवाल्याचं इंजिन मी परत जुन्या काट्यावर घेतलं. ताशी साडेपाच किलो. आपलंही साडेपाचच आलं होतं, वहीत आहे. मीटर म्हणतं साडेसात लिटर. मी म्हणतो चार लिटर. एक इंजिन आणि तीन आकडे. आमच्याकडे विनिता म्हणून नवीन इंजिनीयर आली आहे, तेवीस वर्षांची. ती दोन्हीकडे बघून म्हणाली, ‘बरोबर आहे की हर्षददा, जुळतंय.’ काय जुळतंय ते मी तिला विचारलं नाही. चौदा वर्षं काम केलेल्या माणसाने असं कसं विचारायचं.

माझा हिशेब तुला लिहितो, तूच बघ. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. पाण्याचा किलो म्हणजे एक लिटर. पेट्रोल हलकं, म्हणून आकडा कमी व्हायला हवा. साडेपाच गुणिले शून्य दशांश त्र्याहत्तर. चार. आणि थोडंसं वर, ते सोडून दिलं. हाच आकडा मी इंजिनाच्या झाकणाला आतून ऑइलपेंटने लिहून दिला होता, ‘ताशी ४ लिटर’, उन्हाने उडू नये म्हणून आतून. ते झाकण दर्यात गेलं, नाहीतर काढून दाखवलं असतं.

मी रस्ताभर हेच गुणत असतो. रिक्षावाला म्हणाला, ‘काका, कुठला मंत्र म्हणताय?’

आणखी एक. सांगू की नको असं चाललं होतं. मासेमारीच्या परवान्यावरून तुझं नाव काढून माझं घालायचं असं बाने ठरवलंय. तीस तारखेला मच्छीमार संस्थेतून कागद येणार आणि मी सही करायची. एक ऑगस्टला पावसाळी बंदी उठते, त्याच्या आत. मी बाला म्हटलं, मला होडीत उलटी होते हे तुला माहीत आहे. बा म्हणाला, ‘उलटी व्हतं ते चालंल. बेफिकीर नको.’

हर्षद


चारकोप गाव, १८ जुलै

दादा,

आज रविवारसारखं वाटतंय, पण शुक्रवार आहे. मी कामावर गेलो नाही.

काल आयेबरोबर बाजारात बसलो होतो. तिच्या गुडघ्यामुळे टोपल्या उचलवत नाहीत. आये सुका जवळा किलोने घेते आणि मापाने विकते, तुला माहीतच आहे, ते तिचं जुनं वनस्पती तुपाचं टिनपाट. सेक्टर तीनमधली एक बाई आली, दर्शना नाव, दर पावसाळ्यात येते. तिला दोन किलो बांगडा सुका आणि दोन किलो जवळा हवा होता, कुणाच्या तरी गावी न्यायला. मापाने नको, वजनावर द्या म्हणाली. मी बांगड्याला मोठी पिशवी घेतली आणि जवळ्याला छोटी.

आये माझ्याकडे बघतच राहिली.

‘दोन किलो जवला त्या पिशवीन मावंल?’

मी म्हटलं, ‘जवळा हलका आहे ना, आये. त्याला कशाला मोठी?’

‘हलका हाय म्हनूनच मोठी! बांगडा दोन किलो हातान धरशील. जवला दोन किलो व्हायला टोपली रिकामी व्हईल. येवरा शिकलास नि येवरं नाय कललं?’

दर्शनाबाईही हसल्या. मी पण हसलो. मोठी पिशवी घेतली आणि जवळा भरायला लागलो. पिशवी भरली तरी काटा हलेना. दुसरी घ्यावी लागली. दुसरी भरत असताना माझे हात थांबले.

दादा, पेट्रोल हलकं आहे. म्हणून साडेपाच किलो भरायला जास्त लिटर लागतात. कमी नाही. मी गुणलं. भागायचं होतं. साडेपाच भागिले शून्य दशांश त्र्याहत्तर, साडेसात. मीटर बरोबर आहे. विनिता बरोबर आहे. जवळ्याची पिशवी बरोबर आहे. एकटा मी चुकलो आणि तेही शाळेतल्या पोराने चुकावं तसं.

चोवीस लिटर भागिले साडेसात. तीन तास आणि बारा मिनिटं. अडीच तास जायला. मग परतीच्या वाटेवर पाऊण तासात इंजिन बंद, होडी मनोरीच्या खडकांवर, आणि होडी नि खडकाच्या मधे बाचा हात. हे सगळं आयेच्या टोपलीसमोर उकिडवं बसून मी बोटावर केलं. आयेने विचारलं, ‘काय रं, भोवळ आली?’ मी हो म्हटलं.

तू मला विचारलं होतंस. गाळ्याच्या दारात उभा राहून म्हणाला होतास, ‘एवरंच? जुना इंजिन तर आठ प्यायचा रं.’ मी म्हटलं होतं, दादा, हे नवीन तंत्राचं आहे, कमी पितं, मशीनवर मोजलंय. तुझ्या हाताला ठाऊक होतं आणि तू माझ्या मशीनवर विश्वास ठेवलास. पाच तासांचे वीस घेतलेस आणि वर चार. बा म्हणाला अजून एक डबा घे, आणि तू ‘पुरंल’ म्हणालास. का पुरेल ते सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर आज बाला माहीत असतं.

आणि मी काय केलं ते काल रात्रीपासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मनोरीच्या लोकांनी तुम्हाला ओढून आणलं, बाला दवाखान्यात ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी तो घरी आल्यावर आपल्या ओट्यावर सगळी भावकी जमली. बाने सगळ्यांदेखत विचारलं, डबा का घेतला नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, ‘मी तर मोजून दिलं होतं.’ मी खोटं बोललो नव्हतो दादा, मला खरंच तसं वाटत होतं. पण तू माझ्याकडे बघत होतास आणि मी बाच्या पट्टीकडे बघत होतो, हेही खरं आहे. मग कुणीतरी म्हणालं की चंदूचं हल्ली लक्षच नसतं, आणि दुसरं कुणीतरी पिण्याचं बोललं. तू तर शिमग्यालासुद्धा ताकच पितोस. मी तेही ऐकून घेतलं, आणि बा तुला बेफिकीर म्हणाला, तू वहिनीला घेऊन करंजाला निघालास, तेही बघत राहिलो.

मला तुझी माफी मागायची आहे, पण ती पत्रात लिहिली तर फारच स्वस्तात पडेल. आधी बाला सांगतो.

हर्षद


चारकोप गाव, २६ जुलै

दादा,

सांगितलं नाही.

शनिवारी सांगणार होतो, तर बा टीव्हीवर कुस्ती बघत होता. सोमवारी बसलो समोर, म्हटलं, ‘बा, त्या पेट्रोलचं...’ तर बा म्हणाला, ‘तू मोजून दिलंतंस. तुज्यावर माजा भरवसा हाय, म्हनून कागद तुज्या नावान करतंय.’ मी उठून पाणी प्यायलो. परवा मात्र हिय्या करून बोललो. म्हटलं, बा, चूक दादाची नसेल तर? त्याने सुई खाली ठेवली आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. मी तेवढ्यावर गप्प झालो. मला स्वतःची लाज वाटते.

निमेशभाईंना मात्र सांगितलं. वाटलं होतं नोकरी गेली. ते बराच वेळ कॅल्क्युलेटरवर खटखट करत बसले, मग म्हणाले, ‘रिपोर्ट किलोत जातो म्हणून वाचलो, नाहीतर वाट लागली असती.’ आता माझे सगळे आकडे विनिता तपासते. बिचारी ‘सॉरी हां हर्षददा’ म्हणत तपासते, ते जास्त लागतं.

एक गोष्ट मात्र काही केल्या कळत नाही. तू का बोलला नाहीस? तू नाखव्याचा मुलगा, वयाच्या आठव्या वर्षापासून दर्यात. इंजिन बंद पडलं त्या क्षणी तुला कळलं असणार की हे चार पिणारं इंजिन नाही. ओट्यावर एक शब्द पुरला असता. ‘हर्षदने चार सांगितले होते.’ बस. मग तू इथे असतास आणि मी करंजात बर्फ फोडत असतो. तू मला वाचवत होतास, की माझा राग इतका होता की बोलायचीही इच्छा नव्हती? मी दोन्ही धरून बघतो आणि दोन्हीकडे अडकतो. गेले आठ दिवस मी कुठलाच हिशेब धड करू शकलेलो नाही. कालच भाजीवाल्याकडे अर्धा किलो भेंडी मागितली आणि त्याला विचारलं, म्हणजे किती लिटर.

आणखी एक कबूल करतो, मग पत्र बंद करतो. ते झाकण दर्यात गेलं याचा मला मनातून आधार वाटतो. ते नाही, म्हणजे माझ्या हातचा चार कुणी दाखवू शकत नाही. हे मी अठरा तारखेच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

तीस तारखेला चार दिवस आहेत.

हर्षद


चारकोप गाव, १ ऑगस्ट

दादा,

सांगितलं.

कागद परवा दुपारी आला. संस्थेचा ओजस घेऊन आला होता. बाने चष्मा लावला, आयेने चहा ठेवला, ओजसने कुठे सही करायची तिथे पेन्सिलने फुली मारली. मी पेन उघडलं आणि फुलीवर टेकवलं. मग पेन बंद केलं, आयेच्या टोपलीतून जवळा आणला, तराजू आणला, आणि बासमोर एक किलो जवळा आणि एक किलो बांगडा मांडला. शब्दांनी जमणार नाही हे मला तीन वेळा कळलं होतं. म्हटलं, बा, पेट्रोल या जवळ्यासारखं हलकं, आणि मी त्याला छोटी पिशवी धरली. चार सांगितले, साडेसात होते. दादाला पुरेल असं मी सांगितलं म्हणून तो पुरंल म्हणाला. तुझी बोटं माझ्या गुणाकाराने गेली.

ओजस चहा तसाच ठेवून निघून गेला. बा जवळ्याच्या ढिगाकडे बघत बसला. मग त्याने विचारलं, ‘चंदूला ठाव व्हतं?’

मी म्हटलं, मला माहीत नाही, तो काही बोलत नाही.

तेव्हा आये उठली. गुडघ्याने शिडी चढवत नाही तिला, तरी माळ्यावर चढली, मला हात लावू दिला नाही. जुन्या जाळ्यांच्या मागून तिच्या हिरव्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मी सोडलं. इंजिनाचं झाकण.

तूच दिलं होतंस तिला, करंजाला जायच्या दिवशी. आये म्हणाली, ‘त्यानी सांगितलंतं, हर्षद आपल्या तोंडान बोलंल तवा दे. नाय बोलला तर चुलीन जालून टाक. त्याची नोकरी आकऱ्यांची हाय, हिशोबाची.’ सतरा महिने ती त्या माळ्याखाली झोपली आणि आमच्या दोघांच्या ताटात वाढत राहिली. जवळ्याच्या पिशवीवरून मला हसली तेव्हाही तिला हे माहीत होतं. तिने मुद्दाम मला बसवलं होतं का, ते मी विचारलं, तर म्हणाली, ‘माजं गुडघं दुखत व्हतं.’

आतल्या बाजूला माझा चार तसाच आहे, पांढऱ्या रंगात, ऐटीत. आणि त्याच्या खाली कोयत्याच्या टोकाने खरवडलेलं, तुझ्या वाकड्या अक्षरात, ‘३ तास १० मि.’

म्हणजे तुला तिथेच कळलं होतं. होडी खडकांकडे जात असताना, बा वल्हं मारत असताना, तू इंजिन किती चाललं ते बघून लिहिलंस, आणि झाकण लपवून ते दर्यात गेलं असं सगळ्यांना सांगितलंस. मी केलेला हिशेब तीन तास बारा मिनिटांचा. फरक दोन मिनिटांचा. घड्याळ तुझं बरोबर असणार.

बाने झाकण हातात घेतलं. त्या दोन बोटांनी तो खरवडा चाचपला, पुन्हा चाचपला. तो रडला, दादा. मी बाला रडताना कधी बघितलं नव्हतं, बोटं गेली तेव्हाही नाही. मग म्हणाला, ‘त्याला बेफिकीर बोललो मी. भावकीसमोर बोललो.’ माझ्याशी अजून बोलत नाही. ते बरोबरच आहे. काल संध्याकाळी त्याने त्याच माणसांना ओट्यावर बोलावलं आणि मला मधे उभं करून सगळं पुन्हा सांगायला लावलं. जवळ्यासकट. मी सांगितलं.

कागद फाडलेला नाही, परत पाठवलाय. परवान्यावर तुझं नाव आहे तसं आहे. आज सकाळी गावातल्या सगळ्या होड्या खाडीतून बाहेर पडल्या. ‘मालन’ तेवढी किनाऱ्यावर आहे. बा तिच्यात जाऊन बसलाय, पाच लिटरचा जास्तीचा डबा स्वतः नेऊन ठेवलाय, आणि कुणी विचारलं तर सांगतो की होडीचा तांडेल करंजाला गेलाय, येतंय.

झाकण धुऊन इंजिनावर बसवलं. मी ब्रश घेऊन चार खोडायला गेलो, तर बाने ब्रश काढून घेतला. तुझ्या खरवड्याशेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. मग रंगाचा डबा आणि ब्रश होडीतच ठेवून दिला.

तिथे आकडा तू लिही. भागाकार तुला येत नसला तरी चालेल. तुझ्या हाताला ठाऊक आहे.

हर्षद